कॅमेरा नंबर सतरा

चार सत्तावन्न, मोहाखाली अस्वल.
मान खाली, फुलं हुंगतंय.
चार अठ्ठावन्न, नुसती फुलं.
चार एकोणसाठ, माणूस.
उघडा, पाठमोरा, ओंजळ तोंडाशी,
आणि कण्यावरून खाली
काळ्या केसांचा पट्टा, ओसरायचा राहिलेला.

मी बीटवरची रोजंदार.
कार्ड काढायचं, सेल बदलायचे,
भिंगावरची कोळिष्टकं तळव्यानं पुसायची.
वाघ आला तर साहेबांना फोन,
बाकीच्यांची वहीत नोंद:
नर, मादी, पिल्लू, ओळख पटली नाही.
माणसासाठी वेगळा रकाना आहे, घुसखोर.

पाच वाजून एक मिनिटाला तो वळला होता.
छातीवर पांढऱ्या केसांची कोर,
दोन्ही टोकं वर.

तीच कोर माझ्या गळपट्टीच्या हाडाखाली आहे.
सात वर्षांची होते. गोधारीण सुया घेऊन अंगणात बसलेली,
आईनं विंचू काढायला सांगितला होता.
हे कोन्तं गोंदन, म्हणून आई भांडली, पैसे देईना.
म्हातारी सुई पुसत म्हणाली,
"मी नाही काढलं बाई, ते होतंच.
म्या फक्त सुई फिरवली.
याची जोडी कुठं तरी चालून राहिली असंल."

तेव्हापासून दर चैतात ती रेघ खाजते.
चार स्थळं आली.
चौघांच्याही घरची कुत्री माझ्यावर धावली,
चौथ्याचं तर साखळी तोडून.
मग आईनं पाहुणे बोलावणं सोडलं.

सोमवारच्या बाजारात तो मध विकत होता,
थंड पेयाच्या जुन्या बाटल्यांमधून.
नावानं चैतू कोवे. नखं लांब, त्यांत वारुळाची माती.
शेजारी सुकट मांडलेली,
तरी एक कुत्रं त्या बाजूला फिरकेना.
वर न पाहताच म्हणाला, "तू सतरा नंबरवाली."
"तुले कसं मालूम?"
"त्या डब्याले तुह्या हाताचा वास येते.
नाही तं मी काहून उभा रायतो त्याच्यापुढं?"

मी बाटली उचलली, ठेवली.
गेल्या साली मोह वेचताना
सकरूचा अर्धा चेहरा गेला, ते आठवलं.
सकरू आता घोंगडीतून बोलतो, एका डोळ्यानं.
विचारलं, "तो तू होता?"
त्यानं तराजू खाली ठेवला.
"माही मावशी होती.
पाठीवर दोन पिल्लं होती तिच्या."
आणि थोड्या वेळानं,
"सकरूच्या घरी मध मी पोचवतो. रात्री.
त्याले माहीत नाही."

मी पैसे दिले. त्यानं घेतले नाहीत.
मी घेतलेच पाहिजेत म्हटलं,
तेव्हा घेतले, नोटा हुंगल्या,
आणि शर्टाच्या खिशात, डावीकडे, ठेवल्या.

ते चार फोटो मी पुसले.
साहेबांनी विचारलं, सतरावर काही?
म्हटलं, वारा. फांदी हलली.
पहिल्यांदाच खोटं बोलले, आणि गंमत म्हणजे
पोटात काही कालवलं नाही, भूक लागली.

आता भिंग पुसायला वेळ लागतो मला.
तळवा ठेवते, मोजते वीसपर्यंत, तीसपर्यंत.
सेल चांगले असले तरी बदलते.
परवा डब्यावर मोहाची सात फुलं होती,
देठाकडची बाजू माझ्याकडे करून
एका ओळीत. वाऱ्याला ओळ येत नाही.
तिथंच उभी राहून खाल्ली,
वाळू न झटकता.

कालपासून आमचं कुत्रं
अंगणात थांबून माझ्याकडे बघतं,
आत येत नाही.
आज आंघोळीला बसले तर
गोंदणाच्या टोकाशी एक केस उगवलेला.
जाड. पांढरा.
चिमटीत धरून पाहिला.

उपटला नाही.